गिटारच्या पोटात कुठला पिकअप बसवायचा?

गणेशोत्सव जवळ आला, कॉलेजांचे महोत्सव सुरू झाले, किंवा एखाद्या कॅफेनं शनिवारी संध्याकाळी गायला बोलावलं, की अकूस्टिक गिटार वाजवणारी मुलंमुली हमखास एक तक्रार घेऊन येतात. घरी इतकी गोड वाजणारी गिटार स्पीकरमधून आली की पातळ, टणक आणि नकली का वाटते? दुकानात विचारलं तर "चांगला पिकअप बसवून घ्या" असं उत्तर मिळतं. चांगला म्हणजे कुठला, याचं उत्तर मात्र प्रत्येक दुकानात वेगळं. काही हजारांपासून तीस हजारांपर्यंतचे पर्याय समोर ठेवले जातात, आणि घेणारा बहुतेक वेळा खिशाकडे बघून निवडतो.

माझं म्हणणं असं की सर्वांत चांगला पिकअप कुठला, हा प्रश्न नंतरचा. तुमच्या शेजारी ड्रम वाजतोय का, हा पहिला. त्याचं उत्तर मिळालं की निम्मी निवड तिथेच होते. असं का, ते कळायला आधी पिकअपला काय ऐकू येतं ते बघू.

पिकअप गिटार ऐकत नाही, गिटारचा एक भाग ऐकतो

नुसत्या तारेला आवाज फारसा नसतो. ती इतकी बारीक असते की आजूबाजूची हवा तिच्यानं नीट हलतच नाही. तारेचं थरथरणं आधी सॅडलमध्ये उतरतं. सॅडल म्हणजे तारा जिच्यावरून जातात ती हाडाची किंवा प्लास्टिकची पातळ पट्टी. तिथून ते ब्रिजमध्ये, म्हणजे सॅडल जिच्यात बसते त्या लाकडी पट्टीत जातं, आणि ब्रिजमधून गिटारच्या वरच्या लाकडी फळीत. ही फळी, म्हणजे टॉप, मोठी आणि हलकी असल्यामुळे भरपूर हवा हलवते. पेटीच्या आतली हवाही भोकातून आतबाहेर होते. हे सगळं एकत्र मिसळून चार-पाच फुटांवर बसलेल्या माणसाच्या कानात पोचतं, तेव्हा त्याला आपण गिटारचा आवाज म्हणतो.

पिकअप हे हालचालीचं विजेच्या लहरीत रूपांतर करणारं छोटं उपकरण. ते गिटारला चिकटूनच बसतं, चार-पाच फुटांवरच्या श्रोत्याची जागा त्याला कधीच मिळत नाही. गात असलेल्या माणसाच्या छातीला डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावला तर जे ऐकू येईल ते त्याचंच, खरं. पण समोरच्या सभागृहाला ऐकू येणारं गाणं ते नव्हे. स्टेथोस्कोप छातीवरून गळ्याशी नेला तर आणखी वेगळं काही ऐकू येईल. बाजारात दिसणाऱ्या पिकअपांच्या सगळ्या गर्दीत मुळात फरक आहे तो एवढाच: कान कुठे लावला?

सॅडलच्या खाली

दुकानातून पिकअपसकट येणाऱ्या बहुतेक गिटारींत हाच असतो. सॅडलच्या खाचेत, तिच्या खाली, एक बारीक पट्टी किंवा वायर ठेवलेली असते. ती पिएझो प्रकारच्या पदार्थाची असते, म्हणजे दाबली की वीज निर्माण करणारी. हा गुणधर्म पिअर आणि जाक क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवून दिला. गिटारमध्ये तो रुजवण्यात ओव्हेशन या अमेरिकन कंपनीचा मोठा वाटा. तिचे संस्थापक चार्ल्स कामन हे मूळचे हेलिकॉप्टर बनवणारे अभियंते.

सॅडलखालचा पिकअप स्पष्ट असतो, तारेची प्रत्येक छेड ठसठशीत येते, आणि गिटारला बाहेरून तो दिसत नाही. त्याचा दोषही तिथल्याच जागेतून येतो. तारांचा थेट दाब सॅडलवर असतो, त्यामुळे आघात फार जोरात पकडला जातो आणि लाकडानं, हवेनं त्यात जे मिसळायचं ते जवळजवळ येतच नाही. जोरात स्ट्रमिंग केलं की 'क्वॅक क्वॅक' असा जो कोरडा आवाज येतो, तो हा. एखादी तार मोठी आणि एखादी दबलेली येत असेल तर बहुतेक वेळा पिकअप निर्दोष असतो. सॅडलचा तळ किंवा खाच नीट सपाट नसते, म्हणून दाब सगळीकडे सारखा पडत नाही. चांगला कारागीर तळ घासून हे ठीक करतो. नवा पिकअप विकत घेण्याआधी एकदा हे जरूर करून बघा.

भोकात बसवायचा चुंबकीय पिकअप

इलेक्ट्रिक गिटारमध्ये असतो तोच प्रकार: चुंबकाभोवती तांब्याच्या तारेची गुंडाळी. पोलादी तार वर हलली की गुंडाळीत वीज तयार होते. तो फक्त तार ऐकतो, लाकडाशी त्याचा संबंध जवळजवळ नाही. म्हणून आवाज गोलसर, जरा इलेक्ट्रिक वळणाचा येतो. ब्राँझच्या वेटोळ्याच्या तारांत त्याला आतला पोलादी गाभाच दिसतो, तर सर्वांत बारीक दोन तारा निखळ पोलादी असतात. त्यामुळे त्या दोन जास्त जोरात येऊ शकतात. बरे पिकअप याचा विचार करून बनवलेले असतात. काहींत खाली-वर करता येणारे स्क्रू असतात, त्यांनी तोल साधता येतो. एल. आर. बॅग्ज या कंपनीच्या एम ८० सारख्या पिकअपमध्ये पेटीची थरथरही पकडायची सोय असते.

याची मोठी सोय म्हणजे दोन स्क्रू सैल केले की तो निघतो. गिटारला काहीही इजा न करता कार्यक्रमापुरता लावता येतो.

अकूस्टिकमध्ये चुंबकीय पिकअप म्हणजे तडजोड, असा एक समज आहे. पण १९९३ मध्ये 'एमटीव्ही अनप्लग्ड' या अकूस्टिक वाद्यांच्या टीव्ही कार्यक्रमात निर्वाणा बँडच्या कर्ट कोबेननं वाजवलेली मार्टिन डी-१८ई ही गिटार चुंबकीय पिकअपची होती आणि तिचा आवाज अँप्लिफायरमधून जात होता. 'अनप्लग्ड' म्हणून जगानं डोक्यावर घेतलेला तो आवाज असा होता. तीच गिटार २०२० मध्ये लिलावात साठ लाख डॉलरला गेली.

टॉपला चिकटवायचा पिकअप

यात पिएझोच्या चकत्या टॉपच्या आतल्या बाजूला, ब्रिजच्या बरोबर खाली चिकटवतात. के अँड के कंपनीचा प्युअर मिनी हा यातला नावाजलेला; तीन चकत्या, बॅटरी नाही. सतारीला, तंबोऱ्यालाही अशाच प्रकारचे चिकटवायचे पिकअप लावतात. तो लाकडाची हालचाल पकडतो, त्यामुळे आवाज मोकळा आणि उबदार येतो. बोटांनी वाजवणाऱ्यांना तो फार आवडतो, मलाही. गिटारवर थाप मारली तर तीही छान येते. मात्र लाकूड ज्या ज्या गोष्टीनं हलेल ते सगळं तो पकडतो, आणि इथेच पुढच्या अडचणीची सुरुवात होते.

पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला बझरच्या पिएझो चकत्या अगदी किरकोळ किमतीला मिळतात. हात बसवायला, कुठे चिकटवल्यावर आवाज कसा बदलतो ते ऐकायला त्या उत्तम. टॉपवर चकती दोन बोटं सरकवून बघा; या लेखात मी जे सांगतोय त्यातलं बरंचसं कानांनीच कळेल.

पेटीतला छोटा माइक

वाटतं तितका हा नैसर्गिक नसतो. पेटीच्या आतला आवाज कोंदट असतो. आपण कधी गिटारच्या आत बसून ऐकत नाही. म्हणून आतला माइक एकटा वापरण्यापेक्षा दुसऱ्या पिकअपमध्ये थोडा मिसळतात. ऑस्ट्रेलियन गिटारवादक टॉमी इमॅन्युएल ज्या मेटन कंपनीच्या गिटारी वाजवतात त्यांत सॅडलखालचा पिएझो आणि आत माइक अशी जोडी असते. एल. आर. बॅग्जचा अँथम याच जातीचा.

आवाज वाढवला की गिटार घुमायला का लागते?

या भागावर मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण निवड खरी इथे ठरते.

अकूस्टिक गिटारचा टॉप मुद्दाम असा बनवलेला असतो की थोड्याशा धक्क्यानंही तो हलावा. स्टेजवर हाच गुण अंगाशी येतो. स्पीकरमधून निघालेला आवाज परत येऊन टॉपवर आदळतो, टॉप हलतो, पिकअप ती हालचाल पकडतो, स्पीकर ती आणखी मोठी करतो, आणि हे चक्र सेकंदभरात 'हूंऽऽ' असा घुमारा उभा करतं. यालाच फीडबॅक म्हणतात.

घुमारा कुठल्याही सुरावर येत नाही. मोठ्या पेटीच्या, ड्रेडनॉट आकाराच्या गिटारमध्ये आतली हवा साधारण १०० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला १०० कंपनांना, सर्वांत सहज घुमते. सहाव्या तारेचा तिसरा पडदा ९८ हर्ट्झ, मोकळी पाचवी तार ११० हर्ट्झ. म्हणजे G किंवा A कॉर्ड धरली की खालचा सूर फुगून अंगावर येतो, त्याचं कारण हे. दुसरी जागा टॉपची स्वतःची, साधारण २०० हर्ट्झच्या आसपास. मोकळी तिसरी तार १९६ ला आहे. पुढच्या साउंडचेकला हे दोन-तीन सूर वाजवून बघा आणि जो फुगतोय तेवढाच इक्वलायझरवर (वेगवेगळे सूर कमी-जास्त करायच्या बटणांवर) कमी करायला सांगा. 'बेस कमी करा' म्हटलं की सगळी गिटारच बारीक होऊन जाते.

पेटीच्या भोकात रबरी झाकण लावलं की आतल्या हवेचं घुमणं दबतं. बऱ्याच प्रीअँपवर (पिकअपच्या सिग्नलला बळ देणारं सर्किट, त्याबद्दल पुढे) 'फेज' नावाचं बटण असतं. ते दाबलं की लहर उलटी होते; परत येणारा आवाज टॉपला साथ देत असेल तर विरोध करू लागतो. दोन्हीकडे दाबून बघायचं, जिकडे घुमारा कमी तिकडे ठेवायचं. तिसरा उपाय फुकट आहे: मॉनिटरच्या, म्हणजे वाजवणाऱ्याकडे तोंड केलेल्या स्टेजवरच्या स्पीकरच्या, तोंडासमोर गिटारचं भोक धरून उभं राहू नका.

आता चार पिकअप पुन्हा बघा. चुंबकीय पिकअप लाकडाकडे लक्षच देत नाही, म्हणून तो सर्वांत उशिरा घुमतो. सॅडलखालचा त्यानंतर. टॉपला चिकटवलेला लवकर घुमतो आणि आतला माइक त्याच्याही आधी. जो पिकअप गिटारचं लाकूड आणि हवा जास्त प्रामाणिकपणे ऐकतो, तोच मोठ्या आवाजात आधी हात टेकतो. हे गणित पैशानं पूर्ण सुटत नाही. गिब्सन या गिटार कंपनीनं १९५४ मध्ये जे-१६०ई ही चुंबकीय पिकअपची अकूस्टिक आणली आणि टॉप कमी हलावा म्हणून पुढे त्याला प्लायवूड वापरलं. हीच गिटार नंतर बीटल्सच्या जॉन लेनन आणि जॉर्ज हॅरिसन यांच्या हातात दिसली. स्टेजवर घुमारा नको म्हणून बनवणाऱ्यांनी लाकडाचा नैसर्गिकपणाच थोडा सोडून दिला होता.

तर मग कुणी काय घ्यावं?

तुम्ही ड्रम, बेस, कीबोर्ड असलेल्या बँडमध्ये वाजवत असाल, तर सॅडलखालचा किंवा चुंबकीय पिकअप घ्या आणि समाधानानं वाजवा. खालचे सूर बेस आणि ड्रमनं व्यापलेले असतात. श्रोत्यांना तुमच्या गिटारची खणखणीत लयच ऐकू येणार असते. लाकडाचा जो मऊ भाग मिळवायला तुम्ही दुप्पट पैसे मोजाल, तो साउंडवाला पहिल्या पाच मिनिटांत काढून टाकेल, आणि ते बरोबरच असेल.

दोघांचा कार्यक्रम, एक गाणारी आणि एक गिटार, कॅफेतली चाळीस माणसं: इथे टॉपला चिकटवायचा किंवा सॅडल आणि माइकची जोडी खुलते. या गिटारला झाकणारं दुसरं काही नसतं, म्हणून आवाजाचा पोत सगळ्यांना कळतो. गोव्यातल्या किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये एकट्यानं वाजवणाऱ्यांनी मात्र बाहेरच्या माइकच्या भानगडीत पडू नये. वारा त्यात शिरतो.

शांत बैठकीत, छोट्या सभागृहात, बोटांनी वाजवणार असाल तर पिकअपची गरज आहे का, हे आधी विचारा. बाराव्या पडद्याच्या रोखानं, साधारण वीतभर ते फूटभर अंतरावर ठेवलेला एक बरा कंडेन्सर माइक कुठल्याही पिकअपपेक्षा खरा आवाज देतो. घरी रेकॉर्डिंग करणाऱ्यांनाही माझा हाच सल्ला आहे: पिकअपचे पैसे माइकवर घाला.

"मग सगळीकडे माइकच का नको?"

दोन अडचणी. माइकला गिटारबरोबर शेजारचा ढोल, गायिकेचा आवाज, मागचा स्पीकर सगळंच ऐकू येतं. आवाज जरा वाढवला की घुमतो. शिवाय तुम्हाला खिळल्यासारखं एका जागी बसावं लागतं. अर्धा फूट मागे सरकलात की आवाज उतरतो. गात गात वाजवणाऱ्याला ते जमत नाही.

"पिकअप आहे, तरी आवाज पातळ येतो"

आता ती गोष्ट, जी दुकानात सहसा कुणी सांगत नाही. प्रत्येक इनपुटचा एक विद्युत अडथळा असतो, त्याला इम्पीडन्स म्हणतात आणि तो ओहममध्ये मोजतात. बॅटरी नसलेल्या पिएझोला खूप मोठा इम्पीडन्स लागतो. कमी मिळाला तर खालचे सूर गळून जातात.

हिशेब करून बघा. समजा पिएझोची विद्युत धारकता १ नॅनोफॅरड आहे. तो १० हजार ओहमच्या मिक्सर (सगळ्या वाद्यांचे आवाज एकत्र करणारं यंत्र) इनपुटला थेट जोडला तर साधारण १६ हजार हर्ट्झच्या खालचं सगळं कमी होऊ लागतं, म्हणजे जवळपास सगळी गिटारच. १० लाख ओहमला ही रेषा १६० हर्ट्झवर येते आणि १ कोटी ओहमला १६ हर्ट्झवर. गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झला वाजते. म्हणजे तीच गिटार, तोच पिकअप, फक्त वायर कुठे खोचली यावर आवाज भरदार येणार की चिरका, हे ठरतं.

यावरचा उपाय म्हणजे प्रीअँप: पिकअप आणि मिक्सर यांच्यामध्ये बसणारं, सिग्नलला बळ देणारं छोटं सर्किट. ज्या गिटारमध्ये ९ व्होल्टची बॅटरी असते त्यांत ते आधीच असतं. नसेल तर बाहेरचा प्रीअँप घ्या, किंवा अँप्लिफायरवर, ऑडिओ इंटरफेसवर 'इन्स्ट्रुमेंट' किंवा 'हाय-झी' लिहिलेला इनपुट वापरा. डीआय बॉक्स ही स्टेजवरून मिक्सरपर्यंत लांब वायरीतून सिग्नल गोंगाटाशिवाय नेणारी पेटी. ती घेताना बॅटरीवर किंवा मिक्सरच्या ४८ व्होल्टवर चालणारी, ॲक्टिव्ह प्रकारची घ्या आणि तिचा इनपुट इम्पीडन्स किती ते वाचून घ्या. बॅटरीविना पिएझोला साधा पॅसिव्ह डीआय पुरत नाही.

डीआयवर 'ग्राउंड लिफ्ट' नावाचं बटणही असतं. मांडवातल्या तात्पुरत्या वीजजोडणीमुळे ५० हर्ट्झची गुणगुण आली तर ते दाबायचं. प्लगची अर्थिंगची पिन काढून गुणगुण घालवण्याचा जो प्रकार काही ठिकाणी चालतो, तो करू नका आणि कुणाला करूही देऊ नका. पोलादी तारांना हात आणि माइकला ओठ लागलेला असताना विजेचा धक्का जिवावर बेततो.

माझ्या मते मध्यम किमतीचा पिकअप आणि चांगला प्रीअँप ही जोडी, महागडा पिकअप आणि चुकीचा इनपुट या जोडीला प्रत्येक वेळी मागे टाकते.

"गिटारला भोक पाडायचं?"

पट्ट्याची खुंटी असते तिथे साधारण १२ मिलिमीटरचं भोक करून जॅक बसवतात. तिथे आत लाकडाचा जाड ठोकळा असतो, त्यामुळे कसबी कारागिरानं केलं तर गिटारला धोका नाही. मला भीती वाटते ती दुसऱ्या कामाची. गिटारच्या बाजूच्या पातळ फळीला चौकोनी खिडकी कापून बटणांची पेटी बसवतात, ते. स्वस्त इक्वलायझरचे संच असे बसतात. ते सर्किट काही वर्षांनी बिघडतं, त्याच मापाचं दुसरं मिळत नाही, आणि खिडकी कायमची राहते. चांगल्या लाकडाच्या गिटारला हे करू नका. आवाजाची बटणं भोकाच्या काठाशी आतून चिकटवता येतात, नाहीतर बाहेरच्या प्रीअँपवर असतातच.

"नवीन पेडलमुळे पिएझोचा आवाजही माइकसारखा होतो म्हणे"

बऱ्याच अंशी खरं आहे. या पेडलांत, म्हणजे पायानं चालवायच्या छोट्या यंत्रांत, माइकच्या आणि पिकअपच्या आवाजातला फरक मोजून साठवतात आणि पिकअपच्या सिग्नलवर तो चढवतात. टोनडेक्स्टर नावाच्या पेडलमध्ये तुम्ही माइक आणि पिकअप एकाच वेळी लावून थोडा वेळ वाजवता आणि यंत्र फरक शिकून घेतं. ज्यांच्याकडे सॅडलखालचा बरा पिकअप आधीच आहे त्यांना गिटार न उघडता मोठी सुधारणा मिळवण्याचा हा रस्ता आहे. घुमाऱ्याचा नियम मात्र बदलत नाही. पेटीचा घुमणारा भाग परत आणलात की घुमण्याची शक्यताही वाढते, म्हणून मोठ्या स्टेजवर परिणाम थोडा कमी ठेवावा.

नायलॉनच्या तारा असतील तर

चुंबकीय पिकअप घेऊ नका. नायलॉनला चुंबक ओळखत नाही, आवाजच येणार नाही. सॅडलखालचा, चिकटवायचा किंवा माइक हेच पर्याय.

आणि आपला पावसाळा

कोकणात, मुंबईत, गोव्यात जून ते सप्टेंबर हवेतला ओलावा लाकूड फुगवतो. टॉप वर येतो, तारांची उंची बदलते, सॅडलवरचा दाबही बदलतो. उन्हाळ्यात नीट तोललेल्या तारा पावसाळ्यात कमी-जास्त येऊ शकतात. दुहेरी चिकटपट्टीनं लावलेल्या चकत्या सुटतात, म्हणून कायमच्या बसवायच्या असतील तर कारागिराकडून पक्क्या चिकटवून घ्या. गिटार महिनाभर वाजणार नसेल तर ९ व्होल्टची बॅटरी काढून ठेवा, ती आत पाझरली तर सर्किट खाते. जॅकमध्ये वायर खोचलेली असेपर्यंत बहुतेक प्रीअँप चालू राहतात आणि रात्रभरात बॅटरी उतरते. त्यामुळे वाजवून झालं की आधी मिक्सरचा आवाज खाली करायला सांगा, मग वायर काढा आणि तिच्याबरोबर एक नवी बॅटरी पिशवीत ठेवा.